सहा आण्यांची पुस्तिका, पाच वारस

या अंकात एका शाहिराची एकोणीस गाणी वाचायला मिळतील, असं मी मागच्या अंकात लिहिलं होतं. ती गाणी या अंकात नाहीत. मजकूर टाइप करून झाला आहे, इंग्रजी अनुवादही तयार आहे, तरीही नाहीत. शब्द देऊन तो न पाळणाऱ्या संपादकानं कारण सांगायला हवं. ते सांगताना एका कायद्याविषयीही बोलायचं आहे. आपल्या नाना-नानींच्या पेट्यांत पडून असलेल्या कागदांशी त्याचा थेट संबंध आहे.

गेल्या वर्षी सोलापुरात शिकणाऱ्या आमच्या एका वाचक मुलीनं मोबाइलवर काही फोटो पाठवले. नानीच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या ओढण्यांखाली, तिला एक पुस्तिका सापडली होती. बत्तीस पानं, गंजलेल्या पिना, कडेनं तपकिरी झालेला कागद. वर शाहिराचं नाव, खाली 'शोलापूर' आणि किंमत सहा आणे. आत गिरणीच्या भोंग्यावर, रेशनच्या रांगेवर, सावकाराच्या व्याजावर, मुलींच्या शाळेवर गाणी. शाहीर मुसलमान, गिरणीत काम करणारा, आणि सगळी गाणी मराठीत. 'तुम्ही घरी कोणती भाषा बोलता?' हा प्रश्न आपल्यापैकी कितीतरी जणांना शाळेपासून विचारला गेला आहे. ही पुस्तिका त्या प्रश्नासमोर नुसती ठेवली असती तरी पुरलं असतं. आम्ही ठरवलं, पूर्ण छापायची. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी.

परवानगीचा विषय मी काढला तेव्हा आमच्या संपादक मंडळातला सगळ्यात तरुण सहकारी हसला. म्हणाला, "सर, सत्तर वर्षं जुनी पुस्तिका आहे. कोण येणार आहे विचारायला?"

हाच समज सगळीकडे आहे. जुनं म्हणजे मोकळं, असं आपण धरून चालतो. कायदा तसं म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखक, कवी, चित्रकार यांचा हक्क त्यांच्या हयातीत तर असतोच, शिवाय ज्या वर्षी त्यांचं निधन झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं वारसांकडे राहतो. पुस्तक कधी छापलं याला इथं महत्त्व नाही. माणूस कधी गेला, हे कळावं लागतं. लेखकाचं नावच नसेल, किंवा टोपणनावामागचा माणूस उघड झालेला नसेल, तर मात्र मुदत पहिल्या प्रकाशनापासून मोजतात, तीही साठ वर्षं. आमच्या पुस्तिकेवर खरं नाव होतं. म्हणजे आम्हाला त्या माणसाचं मृत्यूचं साल हवं होतं, आणि त्यानंतर त्याचे वारस.

मालक आहे, पण तो कोण किंवा कुठे आहे हे कळत नाही, अशा कृतींना इंग्रजीत 'ऑर्फन वर्क्स' म्हणतात. मराठीत पोरक्या कृती म्हणू. बेवारस हा शब्द मी मुद्दाम टाळतो. बेवारस म्हणजे ज्याला वारस नाही. या कृतींना वारस असतात. आपल्याला ते सापडलेले नसतात, आणि अनेकदा त्या वारसांनाही आपण वारस आहोत याचा पत्ता नसतो.

शोध पुस्तिकेपासूनच सुरू केला. छापल्याचं साल कुठेच नव्हतं. पण किंमत आण्यांत होती आणि नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. म्हणजे पुस्तिका त्याआधीची, किंवा फार तर त्यानंतर लगेचची. मलपृष्ठावर छापखान्याचं नाव आणि पत्ता होता, कारण १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्यानं प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण छापणं बंधनकारक केलं होतं. पत्त्यावर गेलो तर तिथं मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान. शेजारच्या म्हाताऱ्या चहावाल्याला छापखाना आठवत होता. यंत्रं भंगारात गेली आणि मालकाची मुलं गाव सोडून गेली, एवढंच तो सांगू शकला.

मग ग्रंथसूच्या पाहिल्या. शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची म्हणजे अशा शोधातला मोठा आधार, पण ती १९५० पर्यंतच येते. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकांवर कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन मोठ्या ग्रंथालयांना प्रत पाठवण्याचं बंधन घातलं. पण सहा आण्यांची पुस्तिका बाजारात फडक्यावर मांडून विकणारा माणूस चार प्रती टपालानं पाठवेल, ही अपेक्षाच जास्त होती. सूच्यांमध्ये आम्हाला ती कुठेच दिसली नाही.

मृत्यूचं साल मिळालं ते वेगळ्याच ठिकाणी. मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी सुचवलं, "कब्रस्तानची वही बघा." जमातीच्या दफनाच्या नोंदवह्या एका लोखंडी कपाटात होत्या. उर्दूत लिहिलेल्या, काहींना वाळवी लागलेली. दोन दुपारी आम्ही पानं उलटत बसलो आणि १९७१ च्या वहीत नाव सापडलं. नाव, वडिलांचं नाव, मोहल्ला, तारीख. कॉपीराइटच्या हिशोबासाठी दफनाची वही लागेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

हिशोब असा झाला : निधन १९७१, म्हणून साठ वर्षं १ जानेवारी १९७२ पासून. हक्क संपणार ३१ डिसेंबर २०३१ ला. १९९२ च्या आधी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले, त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ च्या अखेरीस संपत होता, आणि त्याच सुमारास मुदत दहा वर्षांनी वाढवण्यात आली. ती वाढ सगळ्यांनाच लागू झाली. तसं झालं नसतं तर आमचा शाहीर २०२२ च्या पहिल्या दिवशी सगळ्यांचा झाला असता.

आता वारस. चहाच्या त्याच टपरीवरून धागा निघाला आणि शाहिराचा नातू पुण्यात सापडला. धाकट्या मुलाचा मुलगा. गॅरेज चालवतो. फोनवर गाण्याचा विषय काढला तर क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "छापा की. दादांचं नाव होईल. मला पैसे नकोत." त्यानं लगेच लेखी संमती पाठवली. मी खूश. सहकाऱ्याला म्हटलं, झालं काम.

आमच्या मंडळातल्या वकील मैत्रिणीनं तो कागद वाचला आणि एकच प्रश्न विचारला. "आणि याच्या फुप्प्या?"

नातवाला पुन्हा फोन केला. त्यानं प्रामाणिकपणे विचारलं, "त्यांचा काय संबंध?"

संबंध पूर्ण होता. कॉपीराइट ही संपत्ती आहे. माणसामागं घर, भांडी, पैसे जसे वारसांकडे जातात, तसाच हा हक्कही जातो, आणि वारस कोण हे ज्याच्या-त्याच्या वारसा कायद्यानं ठरतं. शाहिराला दोन मुलगे आणि तीन मुली. आपल्याकडच्या वाटणीनुसार मुलाचे दोन आणि मुलीचा एक, असे एकूण सात हिस्से. मुलीला अर्धाच का, हा वाद आपण इतरत्र करत आलो आहोत आणि करत राहू. पण इथं मुद्दा त्याच्याही अलीकडचा आहे. जो अर्धा मिळतो तोसुद्धा कुणाच्या लक्षात राहत नाही. नातवानं फुप्प्यांना लबाडीनं वगळलं नव्हतं. त्याला त्या आठवल्याच नव्हत्या. मलाही आठवल्या नव्हत्या, हे कबूल करतो. आणि अनेक मालकांपैकी एकानंच दिलेली परवानगी बाकीच्यांच्या हिश्श्यावर चालत नाही.

मधली मुलगी कलबुर्गीत होती. आता हयात नाही, पण तिच्या मुलांनी आनंदानं संमती दिली. थोरली मुलगी लातूरला आहेत, वय ऐंशीच्या पुढं. त्यांना भेटायला मी स्वतः गेलो. पुस्तिकेच्या झेरॉक्स हातात घेऊन त्या बराच वेळ पानं चाचपत राहिल्या. मग सांगू लागल्या. बाजाराच्या दिवशी अब्बा गाणी म्हणायचे आणि त्या फडक्यावर पुस्तिका मांडून बसायच्या. सुटे पैसे मोजायला त्या तिथंच शिकल्या. पुस्तिकेत नसलेली तीन गाणी त्यांनी मला पाठ म्हणून दाखवली.

मी सांगितलं, या गाण्यांत तुमचा हिस्सा आहे, तुमची परवानगी लागेल. त्या म्हणाल्या, "माझ्या नावावर काय असणार बेटा? घर भावांच्या नावावर गेलं." मी कायदा समजावून सांगितला. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "म्हणजे मला विचारायला लागतं?"

मी हो म्हटलं. त्यांनी कागदावर सही केली. मुलींच्या शाळेवर गाणं रचणाऱ्या बापाच्या या मुलीला तिच्या मालकीविषयी पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, ते वयाच्या ऐंशीनंतर.

सात हिश्श्यांपैकी चार सापडले. उरलेले तीन नाहीत. थोरला मुलगा मुंबईला गिरणीत होता. १९८२ च्या संपानंतर त्याची पत्रं थांबली. चाळीचा जो पत्ता घरात होता तिथं आता टॉवर आहे. सगळ्यात धाकटी मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेली. तिच्याशीही नव्वदच्या दशकानंतर संपर्क नाही. म्हणजे पुस्तिका अर्धीअधिक घरची आणि बाकी पोरकी.

अशा वेळी काय करायचं, याचं उत्तर आपल्या कायद्यात आहे. कलम ३१-अ. १९८३ च्या दुरुस्तीनं ते आलं, तेव्हा फक्त अप्रकाशित भारतीय कृतींपुरतं होतं. २०१२ च्या दुरुस्तीनं प्रकाशित कृतीही त्यात आल्या. कृती लोकांपासून दूर राहिली आहे, लेखक मरण पावला आहे, अज्ञात आहे किंवा त्याचा माग लागत नाही, किंवा हक्काचा मालक सापडत नाही, अशा वेळी कुणीही ती कृती किंवा तिचा अनुवाद प्रकाशित करण्यासाठी परवाना मागू शकतो. चौकशी होते, परवाना देण्याचा आदेश निघतो, रॉयल्टीची रक्कम ठरते. ती सरकारी खात्यात जमा करायला सांगता येते, म्हणजे उद्या मालक किंवा त्याचे वारस आले तर त्यांना ती घेता यावी.

कल्पना सुंदर आहे. आपल्या घरांत अमानत हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. गल्लीत पैंजण सापडलं तर माझी दादी आधी चार घरी विचारून यायची, मग ते फडक्यात बांधून ठेवायची. ज्याचं आहे तो येईपर्यंत ते आपल्याकडे ठेवलेलं असतं, आपलं झालेलं नसतं. कलम ३१-अ हेच सांगतं : वस्तू वापरात येऊ दे, पण मालकाचा हक्क बाजूला काढून ठेव.

अडचण वाटेत आहे. अर्ज करण्याआधी आपला प्रस्ताव एका दैनिकात जाहीर करावा लागतो, आणि कायदा म्हणतो की ते दैनिक इंग्रजी असलं पाहिजे, देशाच्या मोठ्या भागात खपणारं. दुसऱ्या भाषेतला अनुवाद छापायचा असेल तर त्या भाषेतल्या दैनिकातही. पण मूळ मराठी पुस्तक मराठीतच छापायचं असेल तर मराठी दैनिकाची सक्ती नाही! लातूरच्या फुप्पींचा पत्ता आम्हाला लागला नसता तर त्यांना शोधणारी जाहिरात इंग्रजी पेपरात आली असती. त्या मराठी जेमतेम वाचतात. ती जाहिरात कायद्याचं समाधान करील, पण वारसापर्यंत पोहोचणार नाही.

दुसरी अडचण दाराची. २०२१ पर्यंत हे अर्ज बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जायचे. ते मंडळ त्या वर्षी बरखास्त झालं आणि काम वाणिज्य न्यायालयांकडे गेलं. कंपन्यांचे कोट्यवधींचे तंटे जिथं चालतात, तिथं सहा आण्यांच्या पुस्तिकेचा अर्ज घेऊन उभं राहायचं. वकील हवा, तारखा हव्यात, पैसे हवेत. ज्या समाजाचं लिखाण मोठ्या प्रकाशकांकडे कधी गेलंच नाही, स्वतःच्या खर्चानं छापलं गेलं, त्याच समाजाकडे अशा पोरक्या पुस्तिका जास्त, आणि हे दार ठोठावण्याची ऐपतही त्याच्याचकडे कमी.

इतर देशांत काय केलं आहे ते पाहण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये २९ ऑक्टोबर २०१४ पासून पोरक्या कृतींच्या परवान्याची योजना आहे. अर्ज न्यायालयात नाही, सरकारच्या बौद्धिक संपदा कार्यालयाकडे, तोही ऑनलाइन. पुस्तक, फोटो, संगीत, प्रत्येकासाठी कुठं-कुठं शोधायचं याची यादी दिलेली असते आणि केलेल्या शोधाची नोंद अर्जासोबत जोडायची असते. परवाना जास्तीत जास्त सात वर्षांचा आणि ब्रिटनपुरता. विनाव्यापारी वापराला शुल्क नाममात्र. काही मालक सापडले आणि काही नाहीत, तर न सापडलेल्यांच्या हिश्श्यापुरता परवाना मिळतो. आमच्या पुस्तिकेचं नेमकं हेच दुखणं आहे. दिलेल्या परवान्यांची यादी सगळ्यांना पाहता येते, त्यामुळं एखादा वारस आपल्या बापाचं नाव तिथं बघून पुढं येऊ शकतो. कॅनडात असे परवाने कॉपीराइट बोर्ड देतं, आणि परवान्याची मुदत संपल्यावर पाच वर्षांपर्यंत मालकाला आपली रॉयल्टी मागता येते. युरोपीय संघानं २०१२ मध्ये ग्रंथालयं, संग्रहालयं, अभिलेखागारं यांना नीट शोध घेतल्यानंतर अशा कृती डिजिटल करून लोकांसमोर ठेवण्याची मुभा दिली. या योजनाही परिपूर्ण नाहीत. हजारो फोटोंचा संग्रह असलेल्या संस्थेला एकेका फोटोमागं इतका शोध परवडत नाही, ही तक्रार तिथंही आहे. पण लहान माणसाला निदान खिडकी कुठली ते कळतं.

आता त्या तरुण सहकाऱ्याकडे परत येतो. त्याचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. तो म्हणाला, "सर, कागद रोज झिजतोय. फुप्पी ऐंशीच्या पुढं आहेत. तुम्ही कायदा पाळेपर्यंत पुस्तिका राहणार नाही आणि वाट बघणारी बाईपण नाही. ज्या दोन वारसांचा पत्ता नाही त्यांच्यासाठी जी समोर आहे तिला थांबवणं हा न्याय कसा?"

या प्रश्नानं माझी झोप उडवली. माझं उत्तर दोन भागांत आहे, आणि दुसऱ्या भागाविषयी मी शंभर टक्के खात्रीचा नाही.

पहिला भाग सोपा. जपणं आणि प्रकाशित करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैयक्तिक वापर आणि अभ्यासासाठी प्रत करायला कायदा आडवा येत नाही. विनाव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे मूळ प्रत असेल तर जतनासाठी ती डिजिटल रूपात साठवून ठेवायलाही २०१२ पासून स्पष्ट मुभा आहे. समीक्षेत थोड्या ओळी उद्धृत करता येतात. म्हणून पुस्तिका आम्ही नीट स्कॅन केली आहे, वाचक मुलीच्या नानींनी मूळ प्रत एका सार्वजनिक वाचनालयाला द्यायचं कबूल केलं आहे, आणि गाण्यांवरचा परीक्षणलेख याच अंकात आहे. कागद झिजण्याची भीती तेवढ्यापुरती मिटली.

दुसरा भाग अवघड. पूर्ण पुस्तिका आज छापली तर बहुधा कुणी कोर्टात जाणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण ज्याला कोर्टात जाता येत नाही त्याचं घ्यायला हरकत नाही, हा नियम आपल्या लोकांना आयुष्यभर भोगावा लागला आहे. जमिनीच्या बाबतीत, मजुरीच्या बाबतीत, बायकांच्या हिश्श्याच्या बाबतीत. 'कोण येणार विचारायला' हेच वाक्य प्रत्येक वेळी कुणीतरी उच्चारलेलं असतं. हैदराबादची धाकटी मुलगी गरीब असेल, निरक्षर असेल, कदाचित नसेलही. ती विचारायला येणार नाही म्हणून तिला न विचारणं मला जमलं नाही. माझं चुकत असेल तर लिहून कळवा, पुढच्या अंकात छापू.

आम्ही ठरवलं आहे ते असं. सापडलेल्या तीन शाखांच्या लेखी संमती हातात आहेत. शोधाची प्रत्येक पायरी तारखेनिशी लिहून ठेवली आहे. आमच्या वकील मैत्रिणीच्या मते कलम ३१-अ खाली अर्ज करता येतो, म्हणून तो करणार आहोत. इंग्रजी दैनिकातली जाहिरात कायद्यासाठी देऊ, मराठी आणि उर्दू दैनिकांतली वारसांसाठी. खर्च मोठा आहे, त्यासाठी वर्गणी काढतो आहोत. आणि सरकारकडे मागणीही करतो आहोत : विनाव्यापारी, लहान वापराच्या परवान्यांचं काम न्यायालयाऐवजी कॉपीराइट निबंधकांच्या कार्यालयाकडे द्या, कृती ज्या भाषेतली आहे त्या भाषेत जाहिरात सक्तीची करा, आणि शोध चालू असलेल्या कृतींची यादी सर्वांना पाहता येईल अशी ठेवा.

पण सगळा दोष कायद्यावर टाकून मोकळं होता येणार नाही. पोरक्या कृती आपण रोज तयार करतो. व्हॉट्सअॅपवर कविता पुढं पाठवताना कवीचं नाव गळतं. जुनी कव्वाली रीलला लावताना कव्वालाचं नाव नसतं. फोटोखाली 'साभार : इंटरनेट' असं लिहून आपण सभ्यपणा केल्याचं समाधान मिळवतो. इंटरनेट कुणी माणूस आहे का? आपलं नाव आपल्या कृतीसोबत राहावं हा लेखकाचा हक्क कलम ५७ मध्ये आहे. लेखकानं कॉपीराइट विकून टाकला तरी तो जात नाही, आणि त्याच्या पश्चात वारसांनाही तो बजावता येतो. आज तुम्ही कापलेलं नाव पन्नास वर्षांनी कुणीतरी दफनाच्या वहीत शोधत बसेल.

म्हणून तीन कामं सांगतो, मोठी नाहीत. घरात एखादी जुनी पुस्तिका, गाण्यांची वही, नाटकाची संहिता, मोहल्ल्याच्या वाचनालयाचं हस्तलिखित असेल, तर घरातल्या बुजुर्गांकडून आजच विचारून घ्या : कुणी लिहिलं, ते कुठले, कधी गेले, मुलं किती, मुली कुठं दिल्या. मुलींची नावंही लिहा, सासरच्या गावासकट. दुसरं, तुम्ही स्वतः जे लिहिता, गाता, काढता, त्यावर नाव, साल आणि परवानगी कुणाकडे मागायची ते नोंदवा. मुद्रकाचं नाव छापायला लावणारा १८६७ चा कायदा आता गेला आहे आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या कायद्यात पुस्तकं नाहीत, त्यामुळं ही शिस्त आपली आपणच पाळायची. सगळ्यांनी मोफत वापरावं असं वाटत असेल तर तेही स्पष्ट लिहा. कायदा लेखकाला जाहीर सूचना देऊन आपला हक्क सोडण्याचीही मुभा देतो. तिसरं, पुढं पाठवताना नाव कापू नका, आणि नाव माहीत नसेल तर 'अज्ञात' लिहून थांबण्याआधी एकदा विचारा.

शाहिराचं नाव मी इथं दिलेलं नाही. कुटुंबाच्या संमतीनं ते या अंकातल्या वेगळ्या निवेदनात दिलं आहे, पुस्तिकेच्या मुखपृष्ठासह. हैदराबादेत कुणाच्या आजीच्या तोंडी शोलापूरच्या बाजाराची, गाणाऱ्या बापाची आठवण येत असेल, किंवा मुंबईत कुणाचे आजोबा संपात गिरणी सुटलेले आणि मूळचे शोलापूरचे असतील, तर ते निवेदन त्यांना वाचून दाखवा.

लातूरहून दर पंधरवड्याला फोन येतो. सुरुवातीला फुप्पी विचारायच्या, "छापलं का बेटा?" आता तो प्रश्न त्या विचारत नाहीत. मी वारस शोधतो आहे हे कळल्यापासून त्यांचा प्रश्न बदलला आहे. "धाकटी सापडली का?"

अजून नाही, फुप्पी. शोधतो आहोत.